अर्धा पडदा

किप्सेलीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. अंगणात लिंबाचं झाड,
कौलांच्या कडेला मातीच्या बायकांचे सहा चेहरे,
त्यातला नाक तुटलेला माझा.
ईस्टर उलटल्यावर बाबांनी जेवणाच्या टेबलावर सही केली:
जमीन बिल्डरला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला.
एक द्राख्मासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही.
अथेन्सभर तेव्हा अशीच लग्नं जुळत होती,
हुंड्यात अंगण.

झाड तोडलं त्या दिवशी मला मावशीकडे धाडलं होतं.
परतले तेव्हा घराच्या जागी खड्डा,
आणि माझा नाकतुटका चेहरा
फोतिसनं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला, पावासारखा.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही.
नव्या घरात नळाला गरम पाणी होतं, लिफ्टमध्ये आरसा होता,
आणि मागच्या बाल्कनीतून
लाम्ब्रोच्या बैठ्या घरावरून
उन्हाळी सिनेमा दिसायचा. अख्खा. फुकट.
चुना फासलेली भिंत म्हणजे पडदा,
खडीवर लोखंडी खुर्च्या, कुंपणाला जाई,
मध्यंतरात भोपळ्याच्या बिया विकणारा थेमेलिस.
रात्री नऊला आम्ही दिवे मालवायचो.
खालच्या मजल्यावरच्या आसिमिनाबाई
आपली खुर्ची आपण घेऊन यायच्या,
आपण उपकार घेत नाही, असं दरवेळी सांगत.

दोन उन्हाळे.

तिसऱ्या उन्हाळ्यात लाम्ब्रोच्या बापानंही सही केली.

सगळ्यात आधी पडद्याखालच्या ओळी गेल्या.
इटालियन माणसं इटालियनमध्येच भांडू लागली,
ग्रीक अर्थ स्लॅबच्या मागे.
मग पाय गेले, नाचाचे सिनेमे लंगडे झाले.
जुलै संपता संपता कमरा गेल्या, पिस्तुलं गेली,
कोण कुणाला घाबरतंय ते भुवयांवरून ताडायचं.
दर स्लॅबला फोतिस कठड्यावर खडूची एक रेघ ओढायचा.

तेव्हा आसिमिनाबाई म्हणाल्या, मला येतं इटालियन.
युद्धात त्यांच्या सैनिकांचे कपडे धुतलेत मी.
आणि त्या सांगू लागल्या, पडद्याकडे बघत, हळू आवाजात:
ती म्हणते, बोट कधी सुटणार?
तो म्हणतो, आत्ता. ती म्हणते, कोट तरी घेऊन जा.
आठवडा बदलला, नट बदलले,
पण प्रत्येक सिनेमात एक बोट सुटायचीच,
प्रत्येक सिनेमात कोट खुंटीवर राहायचा.
आई एकदा काही बोलणार होती.
बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

सप्टेंबरात कपाळं तेवढी उरली.
मग पाचवा मजला, आणि नुसते आवाज.
आसिमिनाबाई त्यानंतरही येत राहिल्या, खुर्ची घेऊन,
आम्ही विटांच्या भिंतीकडे तोंड करून
बोट सुटताना ऐकायचो.

आता सिनेमाच्या जागी सुपरमार्केट आहे.
पडद्याची भिंत तीच, तिला टेकून
ट्रॉल्या एकमेकींत घुसवून ठेवतात.
लाम्ब्रोच्या इमारतीच्या ताडपत्र्या विटल्यात,
तिसऱ्या मजल्यावर इथिओपियाचं एक कुटुंब आलंय,
शनिवारी त्यांच्या कॉफीचा वास माझ्या पडद्यांना लागतो.

परवा टीव्हीवर त्यातलाच एक सिनेमा लागला.
भुवयांवरून ओळखला.
साठ वर्षांनी खालच्या ओळी वाचल्या:
ती म्हणते, फ्रिजचे हप्ते थकलेत.
तो म्हणतो, पुढच्या महिन्यात.
बोट नाही. कोट तर कुणाच्याच अंगावर नाही, ऑगस्ट आहे.

मी आवाज बंद केला,
आणि समोरच्या बाल्कनीतलं पोर दिसलं.
आठेक वर्षांचं, कठड्यावर हनुवटी,
माझ्या टीव्हीकडे बघत.
किती दिवस बघतंय कोण जाणे.
मी टीव्ही खिडकीकडे वळवला.
माझ्या कुंड्यांमागे पडद्याचा तळ झाकला जात असणार,
म्हणून खाली दोन जाड शब्दकोश सारले,
तरी पुरेना, तेव्हा तो मातीचा चेहरा, उताणा.
टीव्ही जरा डुगडुगतो.
पोरानं हात हलवला, की डास मारला,
चष्मा नव्हता, सांगता येत नाही.